ओव्याचें फूल व डाळिंबावरील तेल्या

इंदापूर तालुक्यांतील एका डाळिंब बागाइतदारानें गेल्या पावसाळ्यांत आमच्या हातीं एक बाटली दिली. बाटलीवर पानाफुलांचें रंगीत चित्र होतें, 'वनस्पतिजन्य जंतुनाशक' अशीं मोठीं अक्षरें होतीं, आणि आंत काय आहे व किती आहे याविषयीं मात्र एक शब्दहि नव्हता. बूच काढतांच ओव्याचा उग्र वास नाकांत शिरला. "साहेब, हें मारलें तर तेल्या जाईल का, तेवढें सांगा," असें त्यांनीं विचारलें. त्या प्रश्नाचें उत्तर 'होय' असें दिलें असतें तर तें खोटें ठरलें असतें. 'नाहीं' म्हटलें असतें तर तेंहि पुरतें खरें झालें नसतें. बारामती व इंदापूर भागांतील अनेक बागाइतदारांच्या मनांत हाच प्रश्न असल्याचें पुढें दिसून आलें, म्हणून त्याचा थोडा विस्तारानें विचार येथें केला आहे.

प्रथम रोगाचें स्वरूप पाहूं. तेल्या हा बुरशीचा रोग नव्हे. तो झँथोमोनस जातीच्या सूक्ष्म जंतूंचा आहे. पानावर, कोंवळ्या फांदीवर व फळावर प्रथम तेलाचा थेंब पडल्यासारखा डाग दिसतो, म्हणून त्याला हें नांव पडलें. पुढें डाग काळा पडतो, सालीला चिरा जातात आणि फळ उकलतें. हिंदुस्थानांत या रोगाची नोंद प्रथम १९५२ सालीं दिल्ली येथें झाली. महाराष्ट्रांत त्यानें खरा कहर केला तो २००२ नंतरच्या वर्षांत. सोलापूर येथें २००५ सालीं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झालें, आणि आरंभापासूनच तेथील कामांत तेल्यास मोठें स्थान मिळालें. हे जंतु पावसाच्या थेंबांबरोबर उडतात, छाटणीच्या कात्रीबरोबर एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातात, आणि रोगट झाडाच्या गुटीबरोबर तालुक्याची सीमाहि ओलांडतात. ज्याची बाग एका पावसांत काळी पडली आहे, त्याला या रोगाचें वर्णन वाचून दाखविण्याची गरज नाहीं.

यावर उपाय म्हणून बागाइतदार अनेक वर्षें 'स्ट्रेप्टोसायक्लिन' फवारीत आले. हें औषध आपल्याच जिल्ह्यांतलें. १९५४ सालीं पिंपरी येथें स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यानें तें शेतकऱ्यांपर्यंत पोंचविलें. त्यांत शंभर भागांस नव्वद भाग स्ट्रेप्टोमायसीन व दहा भाग टेट्रासायक्लीन असतें. स्ट्रेप्टोमायसीन हें १९४३ सालीं अमेरिकेंत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेंत शॅट्झ या तरुण विद्यार्थ्यानें मातींतील एका सूक्ष्मजीवापासून वेगळें केलें, व क्षयावर गुण देणारें पहिलें खरें औषध म्हणून तें जगभर गेलें. म्हणजे जें माणसाच्या क्षयावर द्यावयाचें, तेंच आपण डाळिंबावर शिंपडीत होतों.

असें करण्यांत दुहेरी धोका आहे. लाखों जंतूंत एखादा औषधाला न जुमानणारा निघतो. बाकीचे मरतात, हा उरतो, आणि कांहीं तासांत त्याचा वंश वाढूं लागतो. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत नासपतीच्या बागांतून १९७१ सालींच स्ट्रेप्टोमायसीनला दाद न देणारे जंतु आढळले होते. शेतांतील जंतूंनीं शिकलेली ही युक्ति माणसाला आजार देणाऱ्या जंतूंच्या हातीं लागूं नये, ही चिंता वैद्यकांत दिवसेंदिवस वाढत गेली. डिसेंबर २०२१ मध्यें केंद्रीय कृषि मंत्रालयानें शेतींतील स्ट्रेप्टोमायसीन व टेट्रासायक्लीन यांचा वापर टप्प्याटप्प्यानें बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा प्रसिद्ध केला. हातचें हत्यार जाऊं लागलें कीं माणूस दुसरें शोधतो; बाटलीवाल्याची वेळ तीच असते.

आतां ओव्याकडे वळूं. झाडाला शत्रूपुढून पळतां येत नाहीं, म्हणून तें आपल्या अंगांतच दारूगोळा सांठवितें. ओवा, तुळस, गवती चहा, पुदिना, लवंग, दालचिनी, दवणा यांच्या पानांत, सालींत, कळींत किंवा बियांत उडून जाणाऱ्या तेलाचे सूक्ष्म कोश असतात. आपल्याला जो सुवास वाटतो तो किडीला व जंतूला बहुधा विषासारखा असतो. ओव्याच्या बियांत शेंकडा दोन ते चार भाग असें तेल निघतें व त्या तेलांत साधारण निम्मा भाग 'थायमॉल' नांवाचें द्रव्य असतें. तेल थंड जागीं ठेवलें असतां थायमॉलचे पांढरे स्फटिक खालीं बसतात. बाजारांत यालाच ओव्याचें फूल म्हणतात. हें फूल, कापूर व पेपरमिंटाचें फूल समभाग एकत्र केलीं कीं तिन्ही कोरडे पदार्थ आपोआप पातळ होतात. घरोघरच्या अमृतधारेची बाटली ती हीच. पोटदुखीवर आजीबाई जो ओवा चावावयास देत, त्यांतील गुणाचा मोठा वांटा याच फुलाचा.

थायमॉल प्रथम वेगळें केलें तें १७१९ सालीं कॅस्पर नॉयमान या जर्मन रसायनज्ञानें, परंतु ओव्यापासून नव्हे. युरोपांतील थाइम नांवाच्या झुडपापासून. पुढें हिंदुस्थानचा ओवा अधिक किफायतशीर ठरला. पहिल्या महायुद्धापूर्वीं तो मोठ्या प्रमाणांत जर्मनीस जात असे, आणि लाइप्झिग भागांतील कारखान्यांत त्याचें थायमॉल होऊन जगाच्या बाजारांत जंतांवरील व जखमांवरील औषध म्हणून विकलें जाई. १९१४ सालीं लढाई सुरू होतांच ही वाट बंद झाली आणि तेव्हां कोठें आपल्याकडे ओव्यापासून थायमॉल काढण्याची धडपड सुरू झाली. दाणा आपला, भट्टी दुसऱ्याची, हा प्रकार कापसापुरताच नव्हता. नंतर मेटा-क्रेसॉल नांवाच्या द्रव्यापासून कृत्रिम थायमॉल करतां येऊं लागलें, व बाजारांत तेंहि पुष्कळ येतें. तेव्हां बाटलींतून ओव्याचा वास आला म्हणून तिच्यांत ओव्याचा दाणा गेला असेलच असें नाहीं.

हें द्रव्य जंतूला मारतें कसें, हें समजून घेतल्यास पुढचें सारें सोपें होतें. प्रत्येक जंतूभोंवतीं स्निग्ध द्रव्याचा अत्यंत पातळ पडदा असतो. थायमॉल पाण्यांत फारच थोडें विरघळतें. लिटरभर पाण्यांत जेमतेम एक ग्रॅम. स्निग्ध द्रव्यांत मात्र तें चटकन मिसळतें. म्हणून तें पाणी सोडून जंतूच्या पडद्यांत शिरतें, पडदा सैल पडतो, आणि आंतील क्षार व जंतूला शक्ति पुरविणारीं द्रव्यें बाहेर झिरपूं लागतात. फाटक्या पखालीसारखी त्याची अवस्था होते. लवंगेंतील युजेनॉल, गवती चहांतील सिट्राल, रोशा गवतांतील जिरॅनिऑल हीं द्रव्येंहि थोड्याफार फरकानें याच मार्गानें जातात. एकाच ठिकाणीं घाव घालणाऱ्या औषधाला जंतु लवकर चुकवितो. साऱ्या पडद्यावरच घाव पडला तर त्याला तितक्या सहज पळवाट सांपडत नाहीं. शास्त्रज्ञांना या तेलांची आशा वाटते ती मुख्यतः यामुळें.

परंतु सर्व जंतूंचें अंग सारखें नसतें. डॅनिश शास्त्रज्ञ ग्रॅम यांनीं १८८४ सालीं जंतूंस रंग चढविण्याची जी रीत काढली तिच्यायोगें त्यांचे दोन मोठे वर्ग पडतात. एका वर्गास आंतल्या पडद्याबाहेर आणखी एक कवच असतें. तेल्याचे जंतु या कवचधारी वर्गांतले. थायमॉल हें कवचहि सैल करूं शकतें; पण पुष्कळ इतर वनस्पतींचे अर्क येथेंच अडतात. तेव्हां एखाद्या झाडपाल्याचा अर्क गळवांत सांपडणाऱ्या जंतूंवर लागू पडला, यावरून तो डाळिंबावर चालेल असें मुळींच ठरत नाहीं.

अमुक पाल्याच्या अर्कानें जंतूंचा नाश झाला, अशा बातम्या वारंवार छापून येतात. त्यांतील बहुतेक प्रयोग एका ठराविक पद्धतीचे असतात. समुद्रशेवाळापासून केलेली आगर नांवाची खळ कांचेच्या बशींत ओततात, ती गोठल्यावर तिच्यावर जंतु पेरतात, आणि अर्कांत भिजविलेली कागदाची बारीक चकती मध्यें ठेवतात. दुसऱ्या दिवशीं सारी बशी जंतूंनीं गढूळ होते. चकतीभोंवतीं मात्र, अर्कांत गुण असेल तर, स्वच्छ वर्तुळ राहतें. प्रयोग चांगला आहे व कोणत्याहि महाविद्यालयांत करतां येतो. पण त्याचा अर्थ लावतांना सावध राहिलें पाहिजे. अर्क बहुधा अल्कोहोलांत काढलेला असतो, आणि अल्कोहोल स्वतःच जंतुनाशक आहे. म्हणून नुसत्या अल्कोहोलांत भिजवून वाळविलेली चकती शेजारीं ठेवली होती कीं नाहीं, हें विचारावें. उलट बाजूनेंहि फसगत होते. तेल पाणथळ खळींत नीट पसरत नाहीं, त्यामुळें चांगल्या तेलाचें वर्तुळहि कधीं लहान दिसतें. यासाठीं जाणते लोक वर्तुळावर न थांबतां, किती सूक्ष्म प्रमाणांत द्रव्य मिसळलें असतां जंतूंची वाढ अजिबात थांबते तें मोजतात. प्रमाणाचा आंकडा नसलेली बाटली आम्ही परत केली ती याच कारणास्तव. आंकडा नाहीं तर तुलना कशाशीं करावयाची?

बशीला झांकण असतें. इंदापूरच्या शिवाराला झांकण नाहीं. सकाळीं फवारलेलें तेल उन्हावाऱ्यानें उडून जातें. जो गुण नाकाला कळतो तोच दोष ठरतो, कारण वास येणें म्हणजे द्रव्य हवेंत निघून जाणें. शिवाय तेल्याचे जंतु पानाच्या छिद्रांतून व जखमांतून आंत शिरून बसलेले असतात. वरून शिंपडलेलें तेल त्यांच्यापर्यंत फारसें पोंचत नाहीं. मग प्रमाण वाढवावें, तर पानें व कोंवळीं फळें करपतात. त्याचें कारण उघड आहे : जो स्निग्ध पडदा जंतूला आहे तसाच तो झाडाच्या पेशीलाहि आहे. तेल पाण्यांत नीट मिसळण्यासाठीं साबणासारखें द्रव्य घालावें लागतें. तें बरोबर नसेल तर पंपांत तेल वर तरंगतें, पहिल्या झाडांना नुसतें पाणी व शेवटच्या झाडांना निखळ तेल मिळतें. बाटलीच्या कागदावर यांतलें कांहींच छापलेलें नसतें.

तरीहि उघड्या शेतांत हें द्रव्य उपयोगीं पडल्याचें एक चांगलें उदाहरण आहे, आणि तें मुद्दाम सांगण्यासारखें आहे. अमेरिकेच्या फ्लोरिडा प्रांतांत टोमॅटोला जंतुजन्य मर रोग फार होतो. आपल्या कोंकणांत वांग्याला होतो तोच हा. तेथील संशोधकांनीं निरनिराळीं सुगंधी तेलें आधीं कुंड्यांतील मातींत मिसळून पाहिलीं. त्यांत थायमॉल व रोशा गवताचें तेल सरस ठरलें. मग त्यांनीं थायमॉल ठिबक नळ्यांतून, प्लॅस्टिकच्या आच्छादनाखालीं, लागवडीपूर्वीं कांहीं दिवस मातींत सोडलें. अशा वाफ्यांत मर रोगाचें प्रमाण पुष्कळ घटलें. हे निष्कर्ष २००५ सालीं प्रसिद्ध झाले. यांतील मर्म आच्छादनांत आहे. वास कोंडला, म्हणून तो लढला. आणि रोप नंतर लावलें, म्हणून तें भाजलें नाहीं. मधमाश्यांच्या पेट्यांत व्हरोआ नांवाच्या गोचिडीवजा किडीसाठीं अनेक देशांत थायमॉल वापरतात, तेथेंहि पेटी बंदच असते.

आतां या प्रयोगाचा हिशेब आपल्या पद्धतीनें मांडूं. फ्लोरिडांतील मात्रा हेक्टरी सुमारें ७३ किलो थायमॉल अशी होती. ओव्यांत तीन टक्के तेल व तेलांत निम्में थायमॉल धरलें तर एक क्विंटल ओव्यापासून दीड किलो फूल मिळेल. म्हणजे ७३ किलोंसाठीं जवळजवळ ४९ क्विंटल ओवा हवा. हेक्टरी आठ ते दहा क्विंटल उत्पन्न धरलें तरी एका हेक्टर टोमॅटोसाठीं पांच-सहा हेक्टर ओवा पेरावा लागेल. कृत्रिम थायमॉल स्वस्त पडेल हें खरें, पण मग 'वनस्पतिजन्य' या शब्दासाठीं अधिक दाम कां मोजावे, हाहि प्रश्न उरतोच. प्रयोग यशस्वी होणें आणि तो परवडणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मग तेल्यासाठीं करावें काय? ज्यांचा गुण ठरलेला आहे तीं कामें आधीं करावीं. रोगट फांद्या छाटून, गळलेलीं पानें व फळें वेंचून बागेबाहेर जाळावीं. कात्री प्रत्येक झाडानंतर जंतुनाशकांत बुडवावी. लागवडीसाठीं गुटी रोगमुक्त बागेंतीलच घ्यावी. फळें काढल्यावर झाडास तीन-चार महिने पूर्ण विसांवा द्यावा. शंभर लिटर पाण्यांत एक किलो मोरचूद व एक किलो चुना असें एक टक्का बोर्डो मिश्रण छाटणीनंतर फवारावें. पावसाळी हवेंत फळ झाडावर राहणारा मृग बहार सोडून हस्त बहार धरल्यास रोगाचा जोर बराच कमी राहतो. यांतील एकाहि कामाला सुवास नाहीं, म्हणून त्यांची जाहिरात होत नाहीं.

एवढें केल्यानंतर ज्यांना ओव्याच्या तेलाची परीक्षा पहावयाची असेल त्यांनीं ती जरूर पहावी, परंतु साऱ्या बागेवर नव्हे. त्या बागाइतदारांना आम्हीं असें सुचविलें : दोन ओळींवर तेल मारा, दोन ओळींवर तेल सोडून त्याच साबणाचें पाणी मारा, दोन ओळी तशाच राखा; आणि या जोड्या बागेंत दोन-तीन ठिकाणीं विखरून ठेवा, म्हणजे कालव्याकडची ओल व बांधाकडचा वारा निकाल बिघडविणार नाहीं. प्रथम एकाच फांदीवर फवारून तीन दिवस पान करपतें कां तें पहा. डाग पडलेलीं फळें मोजून वहींत लिहा. डोळ्यांनीं अंदाज करूं नका, कारण पैसे खर्च केलेल्या ओळी नेहमीं अधिक हिरव्या दिसतात. हें ऐकून ते हंसले, पण 'बांधाकडच्या ओळी मीच राखतों' असेंहि म्हणाले. बारामतीस कृषि विज्ञान केंद्र आहे. अशी वही घेऊन तेथें गेलेल्या शेतकऱ्याला, नुसती बाटली घेऊन जाणाऱ्यापेक्षां, अधिक उपयुक्त उत्तर मिळेल.

गोठ्याविषयीं एक इशारा देणें अवश्य आहे, कारण या दोन्ही तालुक्यांत दुधाचा धंदा उसाच्या खालोखाल घर चालवितो. कासेचा दाह, ज्याला आपण दगडी म्हणतों, त्यावर प्रतिजैविक औषध दिलें तर ठराविक दिवस दूध डेअरीस घालतां येत नाहीं. तशा दुधाला विरजणहि नीट लागत नाहीं, कारण विरजणाचे उपयुक्त जंतूच मरतात. म्हणून सुगंधी तेल सडांतून आंत सोडण्याचा सल्ला कोणी कोणी देतात. तो मानूं नये. बशींत स्टॅफिलोकोकस जंतु मारणारें तेल कासेच्या नाजुक आवरणालाहि भाजतें, आणि वास दुधांत उतरतो तो निराळाच. सडाबाहेरील स्वच्छता, कोरडी बैठक व वेळेवर पशुवैद्य, एवढ्यावरच तूर्त भिस्त ठेवावी.

सुगंधी वनस्पतींचा फवारणीखेरीज दुसरा एक उपयोग नीराकांठच्या शेतकऱ्याला अधिक जवळचा आहे. नीरा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला. दुष्काळी बारामती-इंदापुरांत त्यानें ऊस आणला, आणि कांहीं वर्षांतच सखल काळ्या रानांत मीठ वर आणलें. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मॅन व त्यांचे सहकारी तम्हाणे यांनीं १९१० सालीं नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. शंभर वर्षें उलटून गेलीं तरी त्या जमिनी पाहण्यासाठीं पुस्तिका उघडावी लागत नाहीं. पांढरा थर बांधावरून दिसतो. ऊस जेथें पिवळा पडतो अशा रानांत रोशा गवत व गवती चहा बऱ्यापैकीं तग धरतात, आणि वाळा तर अधिक चोपण जमीन व सांचलेलें पाणी दोन्ही सोसतो. लखनौ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पति संस्थेनें व इतर संशोधकांनीं उत्तरेकडील चोपण जमिनींवर याचे प्रयोग केले आहेत, आणि २०१७ पासून सरकारी सुगंध मोहिमेंतून अशा लागवडीस उत्तेजन मिळूं लागलें. जमिनीचें दुखणें यानें बरें होत नाहीं. त्याला चर खणून निचराच केला पाहिजे. पण निचरा होईपर्यंत रान पडीक ठेवण्यापेक्षां हें बरें.

रोशा गवत महाराष्ट्राला परकें नाहीं. खानदेशच्या डोंगरांतील रोशाचें तेल एके काळीं मुंबई बंदरांतून परदेशांत जात असे. मात्र लागवड करण्यापूर्वीं भट्टी कोठें आहे तें पहावें. ताज्या गवतांत शेंकडा अर्ध्या भागाच्या आसपासच तेल असतें, म्हणजे टनभर गवतापासून पांच किलो. तें गवत गाडींत घालून पन्नास मैल नेलें तर तेलाची किंमत वाटेंतच संपते. कापलेलें गवत एक दिवस सावलींत सुकवून लगेच डेगेंत भरावें. ढीग करून ठेवल्यास तें तापतें व तेलाचा कस जातो. एका शेतकऱ्याला स्वतंत्र डेग परवडत नाहीं. लागून असलेल्या पंधरा-वीस शेतकऱ्यांनीं मिळून ती बसविली तर तिला वर्षभर काम पुरतें. वाळ्याचें तसें नाहीं. त्याचें तेल मुळांत असतें, मुळें खणून काढण्यास वर्ष-दीड वर्ष थांबावें लागतें, आणि काळ्या चिकट मातींतून तीं सबंध निघत नाहींत. म्हणून वाळा कालव्याकांठच्या गाळाच्या किंवा हलक्या रानांतच तेलासाठीं लावावा. भारी चोपण जमिनींत तो बांधावर, माती धरून ठेवण्यापुरताच असूं द्यावा.